आधी तो फक्त ऐकून घेतो

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक सुस्त गाव, शाळेची उन्हाळी सुट्टी. चार-पाच पोरं एका हॉटेलात यथेच्छ खातात आणि बिल न देताच पसार होतात. त्यांच्यातली सतरा वर्षांची लिया मागे पडते आणि हॉटेलवाल्यांच्या तावडीत सापडते. चौतीस वर्षांचा टॉम मध्ये पडून तिला सोडवतो. ती पायीच घराकडे निघते, तर हा आपली पिकअप गाडी तिच्या चालीने शेजारून चालवत राहतो. सोडतो की घरी, म्हणतो. ती आधी नको म्हणते, मग गाडीत बसते. त्या रात्री काहीही वाईट घडत नाही. टॉम तिला खरोखर घरी सोडतो आणि तिचा त्याच्यावर विश्वास बसतो.

जेमी डॅक या दिग्दर्शिकेच्या ‘पाम ट्रीज अँड पॉवर लाइन्स’ या चित्रपटातली ही पहिली भेट. २०१८ मध्ये डॅकने याच नावाचा लघुपट केला होता, त्यातून हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला. २०२२ च्या सनडान्स महोत्सवात अमेरिकी कथाचित्रपटांच्या विभागात तिला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. लियाची भूमिका लिली मॅकिनर्नीने केली आहे, टॉमची जोनाथन टकरने आणि लियाच्या आईची ग्रेचेन मोलने. एखाद्या प्रौढाने एकट्या पडलेल्या पोरीला गोड बोलून हळूहळू कह्यात घेणं, ज्याला आता सगळीकडे ग्रूमिंग म्हटलं जातं, ते इतक्या सावकाश आणि बारकाईने दाखवणारे चित्रपट थोडेच आहेत.

पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि घरात वयात आलेलं मूल असलेल्या कुणाहीसाठी या चित्रपटाचा मोठा उपयोग आहे. टॉम दिसायला बरा, बोलायला मवाळ, वागायला अदबशीर आहे. तो लियाला धमकावत नाही, ओढून नेत नाही. तो तिला विचारतो, तुझ्या मनात काय चाललंय? आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतो. हे त्या सुट्टीत तिच्याशी दुसऱ्या कुणीही केलेलं नसतं.

कुणाला हेरलं जातं

लियाचं आयुष्य बाहेरून पाहिलं तर चारचौघींसारखंच आहे. डोक्यावर छप्पर आहे, आई कमावती आहे, अंबर नावाची जिवलग मैत्रीण आहे. वडील मात्र घरात नाहीत. आई स्वतःच्या प्रेमप्रकरणांच्या चढउतारांत अडकलेली. सोबतची मुलं दिवसभर वेळ काढत बसतात, त्यातल्या एकाशी गाडीच्या मागच्या सीटवर झालेली जवळीक इतकी कोरडी असते की त्यात लिया नावाचं माणूस आहे याचीही त्याला दखल नसते. म्हणजे लिया माणसांत आहे, आणि तरी एकटी आहे.

मुलांना नादी लावणारी माणसं नेमकी ही जागा हेरतात. कोण घरी उशिरा जातं, कोणाच्या घरी भांडणं चालू आहेत, कोणाला वर्गात चिडवतात, कोणाचे आईवडील नुकतेच विभक्त झालेत, कोणाचा मार्कांवरून पाणउतारा होतो. आपल्याकडे यात आणखी एक मोठा गट मोडतो. दहावी झाली की नीट आणि जेईईच्या तयारीसाठी लातूर, पुणे किंवा थेट कोट्याला पाठवलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं. मेसचं जेवण, रूमवरचा एकांत, दर आठवड्याच्या चाचणीचं दडपण आणि घरून येणाऱ्या फोनवर एकच प्रश्न, अभ्यास कसा चाललाय? अशा मुलाला ‘आज गप्प का आहेस’ असं विचारणारं कुणी भेटलं, तर ते माणूस त्याला देवासारखं वाटू शकतं.

मुलगेही यात येतात. ‘मुलगाच तो, त्याला काय होणार’ या समजुतीमुळे त्यांच्याकडे लक्ष कमी जातं आणि झालेलं सांगायची त्यांना लाजही जास्त वाटते. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलामुलींनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती.

तेव्हा अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, एवढ्या शिकवणीवर भागत नाही. चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श हा धडाही सहा-सात वर्षांच्या मुलासाठी आहे. सतरा वर्षांच्या मुलीला हवाहवासा वाटणारा स्पर्श, मागून घेतलेली माया आणि चोरून पाठवलेले मेसेज यांच्याविषयी त्यात काहीच नसतं.

पायऱ्या एकेक करून

चित्रपट पाहताना टॉमच्या चालींची नोंद करत गेलं, तर एक ठरलेला क्रम दिसू लागतो. बाललैंगिक शोषणावर काम करणारे समुपदेशकही साधारण हाच क्रम सांगतात.

पहिली पायरी उपकाराची. हॉटेलातली सुटका, घरी सोडणं. मूल मिंधं होतं, आणि या माणसाने आपल्याला अडचणीतून काढलं ही भावना पुढे कित्येक महिने पुरते.

दुसरी कौतुकाची. तू तुझ्या वयापेक्षा समंजस आहेस, बाकीच्यांसारखी नाहीस. हे वाक्य जगभर सगळ्या भाषांत चालतं, कारण त्या वयात प्रत्येकाला तेच ऐकायचं असतं. शिवाय त्यात एक मेख असते. मी समंजस आहे हे एकदा मान्य केलं, की पुढे ‘मला हे झेपत नाही’ म्हणायची चोरी होते.

तिसरी पायरी तोडण्याची. टॉम लियाच्या मैत्रिणींबद्दल, आईबद्दल तिच्या मनात हळूच किल्मिष पेरतो. त्यांना तुझी किंमत नाही, मला आहे. आधीच आईशी पटत नसेल तर हे सहज रुजतं. जगातली एकेक व्यक्ती वजा होत जाते आणि शेवटी हिशेबात तो एकटाच उरतो.

चौथी गुपिताची आणि चाचपणीची. भेटी लपून होऊ लागतात. थोडी मर्यादा ओलांडायची, मूल काय करतं ते पाहायचं, विरोध झाला तर लगेच माघार घेऊन माफी मागायची, पुन्हा दोन दिवसांनी तेच. लियाला एकदा कळतं की टॉमचं घर म्हणजे मॉटेलमधली एक खोली आहे. एखाद्या प्रौढ बाईला एवढ्यावरून शंका आली असती. लियाला मात्र ते त्याच्या मोकळ्याढाकळ्या जगण्याचा भाग वाटतं, कारण तोवर तिने त्याच्या बाजूने विचार करायला सुरुवात केलेली असते.

शेवटच्या पायरीवर टॉम काय मागतो, ते इथे सविस्तर सांगायची गरज नाही. तो प्रेम करत नव्हता, तर पैशासाठी तिला दुसऱ्यांच्या हवाली करण्याची तयारी करत होता, एवढं पुरे. लक्षात घेण्यासारखं हे, की तिथपर्यंत पोहोचताना त्याला बळ वापरावंच लागत नाही. आधीच्या चार पायऱ्यांनी ते काम केलेलं असतं.

मोबाईलच्या पडद्यावर हेच कसं दिसतं

आपल्याकडे पहिली भेट हॉटेलात होण्यापेक्षा इन्स्टाग्रामवर, गेमच्या चॅटमध्ये किंवा क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून होण्याची शक्यता अधिक. तिथे क्रम तोच, वेग मात्र जास्त. नमुन्यादाखल मेसेजची एक रांग पाहा. ही कुणा एका मुलीची नाही, पण अशा संभाषणांची चाल बहुतेक वेळा अशीच असते:

‘जेवलीस का?’
‘डीपी छान आहे, पण डोळे उदास वाटले. काय झालं?’
‘आई ओरडली? तू इतकी हुशार आहेस, त्यांना कळतच नाही.’
‘इथे नको बोलू, दुसऱ्या ॲपवर ये. तिथे मेसेज आपोआप जातात.’
‘एक फोटो पाठव ना. साधाच.’
‘विश्वास नाही का माझ्यावर?’
‘आधीचा पाठवलास तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता नखरे?’

पहिले तीन मेसेज कुणाही मायेच्या माणसाचे असू शकतात. चौथ्यापासून रंग बदलतो. ॲप बदलायला सांगणं आणि मेसेज पुसायला सांगणं, या दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवाव्यात. समोरचा माणूस कितीही चांगला असो, त्याने हे सांगितलं की घरातल्या एका मोठ्या माणसाला कळवायचं, असा साधा नियम करता येतो. सातव्या मेसेजपर्यंत गोष्ट गेली, तर त्यापुढे फक्त धमकी उरलेली असते.

घरच्यांना दिसू शकणाऱ्या खुणा वेगळ्या. नवा हेडफोन किंवा महागडा ड्रेस, आणि तो कुठून आला याचं जुळत नसलेलं उत्तर. फोनवर दुसरं सिमकार्ड. रात्री दोनपर्यंत ऑनलाइन राहणं. जुन्या मैत्रिणीशी अचानक अबोला. एखाद्या मोठ्या माणसाच्या बोलण्यातले शब्द मुलाच्या तोंडी येणं. यातली एखादी खूण दिसली म्हणजे काही घडलंच, असं नाही. हे वयच लपवाछपवीचं असतं. तीन-चार खुणा एकदम दिसू लागल्या, तर मात्र थांबून बोलायला हवं.

मोठी माणसंही भुलतात

टॉम लियाच्या आईपासून दूरच राहतो. पण प्रत्यक्षात असे कित्येक जण आधी आईवडिलांनाच जिंकतात. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. उपचाराच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता आणि अनेकदा त्या वेळी मुलीची आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असत. त्यांना दिसणार नाही अशा बेताने तो उभा राही. आईवडील त्याचे आभार मानत, कारण इतका नावाजलेला डॉक्टर आपल्या मुलीसाठी वेळ देतो आहे. २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर ही पूर्वीची जिम्नॅस्ट नावानिशी पुढे आली आणि बांध फुटला. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनमधल्या न्यायालयात दीडशेहून अधिक स्त्रियांनी आणि मुलींनी त्याच्यासमोर आपली कैफियत मांडली. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली.

यावरून प्रत्येक प्रशिक्षकाकडे, गायनाच्या सरांकडे किंवा मानलेल्या दादाकडे संशयाने पाहावं असं नाही. पद्धती मात्र ठरवून घेता येतात. शिकवणी किंवा सराव दार उघडं असलेल्या जागी व्हावा. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना मुलामुलींची आणि मोठ्यांची राहण्याची सोय वेगळी असावी, सोबत किमान दोन प्रौढ असावेत. सरांनी मुलाला एकट्याला मेसेज न करता पालक असलेल्या ग्रुपवरच करावा. चांगल्या शिक्षकाला या नियमांचा राग येत नाही, उलट त्याचंही त्यात संरक्षण असतं. कुणाला राग आलाच, तर ती गोष्ट ध्यानात ठेवावी.

घरात करता येण्याजोगं

मोबाईल काढून घेणं हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. त्याने धोका टळत नाही, फक्त घरच्यांपासून लपतो. शिवाय ‘मी सांगितलं तर फोन जाईल’ हे मुलाच्या मनात पक्कं बसलं, की धमकी देणाऱ्याचं आयतंच फावतं. म्हणून काहीही घडण्याच्या आधी, एखाद्या निवांत संध्याकाळी, मुलाला शब्द द्यावा: तू अडचणीत सापडलास आणि मला सांगितलंस, तर त्या दिवशी शिक्षा होणार नाही आणि फोनही जाणार नाही. दिलेला शब्द पाळावा लागेल, हे अर्थातच त्यात आलं.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या सवयीची. रोज वीस मिनिटं असा काही वेळ असावा, ज्यात मार्क, नातेवाईक आणि खोलीतला पसारा हे विषय येणार नाहीत. गाडीवरून क्लासला सोडताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीत. समोरासमोर बसवून ‘काय चाललंय तुझं?’ विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. हाताला काम असताना, नजरेला नजर न भिडता मुलं जास्त बोलतात. हॉस्टेलवरच्या मुलाला फोन केला तर पहिली पाच मिनिटं अभ्यासाचं नावच काढू नये.

तिसरी, आईवडिलांखेरीज आणखी एक माणूस. मावशी, काका, थोरला चुलतभाऊ, शाळेतल्या जुन्या बाई. घरच्यांना सांगता येणार नाही ते यांना सांगायचं, आणि ते आकाशपाताळ एक करणार नाहीत, हे मुलाला ठाऊक असावं. लियाच्या कथेत शेवटी तिला नेण्यासाठी येते ती अंबर. वाटेत कितीही दुरावा आला असला, तरी मध्यरात्री फोन लावावा असं एक माणूस तिच्याकडे उरलेलं होतं. मुलांच्या मैत्रिणी-मित्रांना घरी येऊ-जाऊ द्यावं, त्यांचे नंबर आपल्याकडे असावेत, यामागचं कारण हेच.

प्रेमाबद्दल बोलण्याची चौथी गोष्ट बहुतेक घरांत सर्वांत अवघड जाते. ‘आमच्या घरात असलं चालत नाही’ हे ऐकून वाढलेली मुलगी पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाने केलेली मागणी घरात कशी सांगेल? एकाच वर्गातल्या दोन मुलांचं एकमेकांवर जडलेलं प्रेम आणि प्रौढाने अल्पवयीन मुलीशी जोडलेलं गुपचूप नातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात मोकळेपणाने म्हटलं गेलं पाहिजे. कायदा १८ वर्षांखालच्या कुणाचीही संमती धरत नाही आणि त्यामुळे समवयीन मुलांच्या प्रेमातही गुन्हे दाखल होतात, हा वाद न्यायालयांत चालू आहे. पण घरातल्या मोठ्यांना हा फरक कळायला अडचण नसावी. वयात मोठं अंतर, सत्तेत मोठं अंतर आणि त्यावर गुपिताची अट, हे तीन एकत्र आले की तो धोका समजावा.

मुलाने सांगितलंच तर

‘आई, एक सांगायचंय, पण तू चिडणार नाहीस ना?’

या प्रश्नाला ‘कुणाला सांगणार नाही, शप्पथ’ असं उत्तर देऊ नये. ती शपथ मोडावी लागेल. त्याऐवजी म्हणावं, ‘चिडणार नाही. पण तुला मदत लागली तर ती मी मिळवणार, आणि काय करतेय ते प्रत्येक वेळी तुला सांगणार.’ मग गप्प बसून ऐकावं. मध्येच ‘कधी? कुठे? किती वेळा?’ अशी उलटतपासणी करू नये, तो पोलिसांचा विषय आहे. ‘तू गेलीसच कशाला?’, ‘तेव्हाच का नाही बोललास?’ ही दोन वाक्यं जिभेवर आली तरी गिळून टाकावीत. ऐकून झाल्यावर तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: माझा तुझ्यावर विश्वास आहे, चूक त्याची आहे, आणि तू सांगितलंस ते फार बरं केलंस.

त्यानंतर पुराव्याकडे वळावं. रागाच्या भरात सगळे मेसेज पुसले जातात किंवा समोरच्याला फोन करून दम दिला जातो, आणि तो सावध होऊन खातं बंद करतो. आधी संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्यावेत. त्यात त्याचं वापरनाव, प्रोफाइलची लिंक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. त्यानंतरच ब्लॉक करावं. मुलाचे आक्षेपार्ह फोटो असतील तर ते ‘पुरावा म्हणून’ कुणालाही पाठवू नयेत, नातेवाइकांना नाही आणि वकिलालाही नाही. अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. फोन आहे तसा पोलिसांकडे द्यावा.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरता येते. अमेरिकेतलं हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीचं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा एक सांकेतिक ठसा तेवढा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारखी सहभागी माध्यमं त्या ठशावरून तो फोटो शोधून हटवतात.

शारीरिक अत्याचार नुकताच झाला असेल तर अंघोळ आणि कपडे धुणं थांबवून लगेच रुग्णालय गाठावं. गर्भधारणा टाळण्याचं औषध आणि एचआयव्हीचा संसर्ग रोखणारं औषध ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, सुरू व्हावं लागतं. सरकारी असो वा खासगी, कोणतंही रुग्णालय अशा मुलावर मोफत उपचार करायला बांधील आहे. आधी पोलिसांचं पत्र आणा, असं सांगून त्याला परत पाठवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते.

कायद्याचा आधार

‘पोक्सो’ या नावाने ओळखला जाणारा लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही तो संरक्षण देतो. शारीरिक अत्याचार होईपर्यंत थांबावं लागत नाही, ही त्यातली पालकांना ठाऊक नसलेली बाब. लैंगिक हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणं, इंटरनेटवरून किंवा फोनवरून वारंवार संपर्क साधत राहणं, अश्लील चित्रं दाखवणं, यासाठी कलम ११ आणि १२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब तर मुलांना लैंगिक कृत्यासाठी ऑनलाइन नात्यात ओढण्यालाच गुन्हा ठरवतं, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं. गुन्हेगार शिक्षक, नातेवाईक, रुग्णालय किंवा वसतिगृहातला कर्मचारी असेल तर पोक्सोखाली शिक्षा अधिक कडक होते.

शाळांनी आणि क्लासचालकांनी कलम १९ नीट वाचायला हवं. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून सरांना गुपचूप राजीनामा द्यायला लावणं, हा मार्ग कायद्याने बंद केला आहे.

पोलीस ठाण्याच्या भीतीने पुष्कळ कुटुंबं मागे फिरतात. प्रत्यक्षात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेशात न येता. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत बसू शकतं. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. त्याचं नाव, शाळा, पत्ता छापणं हा गुन्हा आहे. गुन्हा दुसऱ्या गावी घडला असला तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, तेव्हा लातूरला राहणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना आपल्या गावातूनही सुरुवात करता येईल.

तीन नंबर फोनमध्ये साठवून ठेवावेत. मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी १०९८ चोवीस तास चालते आणि मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं. तातडीच्या वेळी ११२. मन कोलमडलं असेल तर टेलिमानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. ऑनलाइन छळाची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर देता येते. महिला आणि मुलांविषयीच्या विभागात नाव न सांगताही ती नोंदवण्याची सोय आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असणं अपेक्षित आहे. आपल्या शाळेत समितीवर कोण आहे आणि पेटी शेवटची कधी उघडली होती, हे पालकसभेत विचारावं.

चित्रपट कसा पाहावा

मुलांना दाखवण्याआधी मोठ्यांनी एकदा एकट्याने पाहावा. शेवटाकडचा हॉटेलच्या खोलीतला प्रसंग लांबलचक आहे आणि अंगावर येतो. सोळाच्या आतल्या मुलांना तो दाखवू नये, आणि ज्या मुलाने स्वतः असं काही सोसलं आहे त्याला समुपदेशकाशी बोलल्याशिवाय मुळीच नाही. सतरा-अठराच्या मुलांसोबत पाहायचा तर मधे थांबवून थांबवून पाहावा. पाहून झाल्यावर ‘बघितलंस ना काय होतं ते?’ असा तात्पर्याचा बार उडवू नये. प्रश्न विचारावेत: ती गाडीत का बसली असेल? कोणत्या क्षणी तुला पहिल्यांदा खटकलं? अंबरच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी, कारण मुलं स्वतःविषयी बोलायला बिचकतात आणि मैत्रिणीविषयी भरभरून बोलतात. पुष्कळदा एखाद्या मुलीची अडचण घरच्यांच्या आधी तिच्या मैत्रिणीलाच कळलेली असते.

सुटकेनंतरचे महिने

लिया तिथून निसटते, घरी पोहोचते, आणि काही दिवसांनी पुन्हा टॉमलाच फोन लावते. या शेवटाने अनेक प्रेक्षक चिडतात. पण या विषयात काम करणाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही. तिचं ऐकून घेणारं माणूस तेच होतं, आणि ते गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखंच रिकामं आहे.

इंग्लंडमधल्या रॉदरहॅम शहराचं उदाहरण इथे आठवतं. ॲलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट २०१४ मधल्या अहवालात म्हटलं आहे, की १९९७ ते २०१३ या काळात त्या एका शहरात अंदाजे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, आणि हा आकडाही हात राखून काढलेला होता. कित्येक मुली शोषण करणाऱ्याला आपला प्रियकर समजत, त्याच्याकडे परत जात. पोलिसांनी त्याचा अर्थ ‘यांना हेच हवंय’ असा लावला आणि तक्रारींकडे तुच्छतेने पाहिलं. परत जाणं हीच शोषणाची खूण आहे, हे यंत्रणेच्या गावीही नव्हतं.

घरच्यांनी ही चूक टाळावी. मुलगी त्याची बाजू घेईल, त्याच्यासाठी रडेल, पोलिसांत गेल्याबद्दल आईवडिलांवरच रागावेल. तिच्यासमोर त्याला शिव्या घातल्या तर ती त्याचीच वकिली करू लागते. ‘तुला त्याची आठवण येते, हे मला समजतं’ एवढं म्हणून तिच्याजवळ बसावं. शाळा शक्यतो बंद करू नये, लग्न लावून देण्याचा विचारही करू नये; अल्पवयीन मुलीचं लग्न लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. क्लास, खेळ, गाणं, जे काही तिला आवडत होतं ते आठवड्याभरात पुन्हा सुरू व्हावं, म्हणजे दिवस भरलेला राहील. समुपदेशन दोन भेटींत संपत नाही, काही महिने चालतं, हे आधीच धरून चालावं.

खटल्याच्या काळासाठी पोक्सो नियम, २०२० मध्ये एक तरतूद आहे जिचा लाभ फार थोडी कुटुंबं घेतात. जिल्ह्याची बाल कल्याण समिती मुलासाठी एक सहायक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत सोबत असते, तारखा कळवते, न्यायालयात काय होणार ते मुलाला आधी समजावून सांगते. विशेष न्यायालयाकडे अंतरिम नुकसानभरपाई मागता येते. अन्न, प्रवास यांसारख्या तातडीच्या गरजांसाठी समितीच्या शिफारशीवरून लगेच मदतही मिळू शकते. तक्रार नोंदवताना तपास अधिकाऱ्याला विचारावं, की समितीला २४ तासांच्या आत कळवलंत का, आणि प्रथम माहिती अहवालाची मोफत प्रत त्याच वेळी मागून घ्यावी.